ड्रॅगन, मुकादम आणि आम्ही

आम्ही तीन भावंडे. थोरल्याने चाळिशी ओलांडली, ताई उंबरठ्यावर आहे, धाकटा पस्तिशीचा. हा लेख तिघांनी बसून लिहिला आहे, तेव्हा यातले 'आम्ही' म्हणजे खरोखरच आम्ही. गेल्या महिन्यात एका रविवारी वारज्याच्या आमच्या घरात आम्ही तासभर भांडलो, आणि तेही व्हिडिओ गेममधल्या एका राक्षसावरून. ताईचा मुलगा मोबाईलवर जुना मारिओ खेळत होता. तो राक्षस खरोखर वाईट आहे की नाही, एवढाच वाद. आई मेथी निवडत होती. बराच वेळ ऐकून ती म्हणाली, "अजून मेला न्हाई व्हय तुमचा त्यो मुकादम?"

आम्ही तिघेही गप्प झालो. भाचा विचारू लागला, मुकादम कोण? त्याला जे सांगितले तेच इथे लिहीत आहोत.

आमचे आईवडील बीड जिल्ह्यातून पोटासाठी पुण्यात आले आणि वारजे माळवाडीला राहिले. त्या काळी कोथरूड, कर्वेनगर, वारजे या बाजूला नुसती बांधकामे चालली होती. वडील गवंडी, आई बिगारी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळी, फळीवर दहा-दहा विटा, आणि तीन-तीन मजले चढायचे. जिन्याला कठडा नसायचा. सुट्टीच्या दिवशी आम्हीही साइटवर असायचो. वाळूच्या ढिगावर आमचे बालपण गेले म्हटले तरी चालेल.

१९९८ च्या सुमारास वस्तीच्या तोंडाशी एकाने पत्र्याच्या खोलीत दोन टीव्ही मांडून व्हिडिओ गेमचे दुकान काढले. अर्ध्या तासाला दोन रुपये. तेव्हा बाजारात 'समुराई', 'लिटल मास्टर' अशा नावांचे सेट मिळत. जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या सेटची ती नक्कल होती. एका कॅसेटवर शेकडो गेम असल्याचे छापलेले असे. प्रत्यक्षात पाच-सहाच, तेच फिरून फिरून. रविवारी वडील आम्हा तिघांत दोन रुपये देत. दहा-दहा मिनिटे वाट्याला येत. पण दुसऱ्याचा खेळ पाहायला पैसे पडत नसत, म्हणून दुपारभर आम्ही तिथेच उभे.

ज्यांनी मारिओ खेळलेला नाही अशा आयाबायांसाठी थोडे सांगतो. मिशीवाला एक बुटका प्लंबर उड्या मारत पुढे जातो. वाटेत चालते मशरूम, कासवे, उडती कासवे. विटांना धडका द्यायच्या. एखाद्या विटेतून पैसा निघतो, एखादीतून शक्ती. अशी आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, चौथा टप्पा म्हणजे किल्ला. किल्ल्याच्या शेवटी उकळत्या लाव्हावर पूल, आणि पुलावर तो उभा. पाठीवर काटे, डोक्याला शिंगे, तोंडातून आग. त्याला चुकवून पलीकडची कुऱ्हाड गाठली की पूल तुटतो आणि तो लाव्हात पडतो. मागे टोपीवाला एक बुटका उभा असतो. तो आभार मानतो आणि सांगतो की राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे.

बस्स, एवढेच. तो कोण, कुठला, राजकन्येला त्याने का पळवले, ती त्याच्या काय कामाची, यातले काहीच पडद्यावर नाही. त्याचे नाव बाउझर, जपानी नाव कुप्पा, हे आम्हाला पंचवीस वर्षांनी कळले. आमच्या दुकानात तो 'ड्रॅगन'.

जिथे गोष्ट गप्प राहते तिथे पोरे बोलू लागतात. धाकटा तेव्हा आठ वर्षांचा. त्याचे म्हणणे साधे: किल्ला ड्रॅगनचा, पूल ड्रॅगनचा, मग मारिओ आत घुसलाच कशाला? वस्ती हलवायची नोटीस त्याच वर्षी आली होती, हे त्याच्या डोक्यात असावे.

थोरला चौदा वर्षांचा आणि सभांना जाणारा. महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'वरचे भाषण त्याने विहारात नुकतेच ऐकले होते. १८७३ सालच्या त्या पुस्तकात फुल्यांनी पुराणातला बळी उलटा करून दाखवला: ज्याला पाताळात गाडले तो इथल्या कष्टकऱ्यांचा न्यायी राजा, आणि गोष्ट लिहिली ती गाडणाऱ्यांनी. थोरल्याने हे सूत्र थेट ड्रॅगनला लावले. "ड्रॅगनचं म्हणणं कुणी लिहून ठेवलंय का? मारिओवाल्यांनीच कॅसेट काढली." आम्हा पोरांत तो लगेच विद्वान ठरला.

ताईने मात्र त्याला एका वाक्यात खाली बसवले. "बळीनं कुणाची पोरगी पळवली व्हती का?"

याला थोरल्याकडे तेव्हा उत्तर नव्हते; आजही नाही. मागच्या रविवारचे भांडण तिथेच येऊन अडले. राक्षस म्हटलेला प्रत्येक जण बळी नसतो. कोण बोलले हे पाहावे तसे त्याने काय केले हेही पाहावे, असे ताईचे मत. आता तिघांचेही तेच आहे, फक्त थोरला ते मोठ्याने म्हणत नाही.

आता मुकादमाची गोष्ट.

पुढच्या वर्षी, १४ एप्रिल तोंडावर आला असताना, आईवडिलांच्या साइटवरचा पगार थांबला. एक आठवडा, दोन, तीन. सहा आठवडे झाले. जयंतीला पोरांना कपडे नाहीत, वर्गणी द्यायला पैसे नाहीत, किराणावाल्याची वही बंद. पगार वाटायचा मुकादम. तो आमच्याच वस्तीतला, आमच्याच समाजातला, चार घरे सोडून राहणारा. तो सांगे, बिल्डरकडून पैसेच आले नाहीत. लोक म्हणत, ह्यानेच खाल्ले. बायका त्याच्या दारात जाऊन बसल्या. आई त्यांच्यात होती. तिने त्याला जे शब्द वापरले ते इथे लिहिता येणार नाहीत.

मोठ्यांचे बोलणे ऐकूनच पोरे बोलतात. दुकानात आम्ही ड्रॅगनचे नाव बदलले. 'मुकादम' झाले. कुणीतरी कुऱ्हाड गाठली, पूल तुटला, की अख्खे दुकान ओरडे, "पडला मुकादम!" हे नाव आमच्यापैकी कुणी काढले ते सांगत नाही, तिघांनी वाटून घ्यायचे ठरले आहे.

मुकादमाचा मुलगा आमच्या बरोबरीचा होता. खेळात सगळ्यांत तरबेज. तो भिंतीला टेकून पाहत राही. पहिल्या वेळी तो हसला. दुसऱ्या वेळी हसला नाही. तिसऱ्या रविवारी मात्र त्याने खिशातून दोन रुपये काढून दुकानवाल्याला दिले आणि हँडल हातात घेतले.

मारिओला मशरूम मिळाले की तो मोठा होतो, मग फूल मिळाले की आगीचे गोळे फेकता येतात. पण कुठेही धक्का लागला की ती शक्ती जाते. त्यामुळे आग घेऊन किल्ल्याच्या टोकापर्यंत पोचणे अवघड. आम्ही पोरे कशीबशी उडी मारून कुऱ्हाडच गाठत असू. हा मात्र आग घेऊन पुलावर पोचला. कुऱ्हाडीकडे गेला नाही. लांबूनच गोळे मारू लागला. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला ड्रॅगन उलटा होऊन पडला, आणि पडता पडता बदलला. शिंगे गेली, काटे गेले. खाली पडले ते एक चालते मशरूम. पहिल्याच टप्प्यात जे पायाखाली चिरडतात ना, सगळ्यात हलक्यातले, ते.

दुकानवाला म्हणाला, कॅसेट खराब झाली. मुकादमाच्या पोराने काही न बोलता दुसरा किल्ला गाठला. तिथे ड्रॅगनचे झाले साधे कासव. अर्धा तास संपला. हँडल ठेवून तो निघून गेला, आणि पुन्हा दुकानात आला नाही.

कॅसेट खराब नव्हती. गेम बनवणाऱ्यांनीच तसे केले आहे. पहिल्या सात किल्ल्यांतला राजा खरा राजा नसतोच. त्याच्या फौजेतला कुणीतरी राजाचे सोंग घेऊन उभा केलेला असतो. खरा फक्त आठव्यात. कुऱ्हाडीने पूल तोडणाऱ्याला हे कधीच कळत नाही. त्याच्या लेखी राजाच पडला.

त्या संध्याकाळी ताईने हे आईला सांगितले. आई चुलीपुढे होती. भाकरी थापता थापता तिने विचारले, "मग खरा कुठं हाय?"

"आठव्यात."

"तितवर कोण जाणार?"

वडील दारात बसून बिडी ओढत होते. ते म्हणाले, "साइटवर दोन वर्सं झाली. मालकाला म्या एकदाबी बघितला न्हाई."

पुढचे थोडक्यात. चार आठवड्यांचे पैसे मे महिन्यात मिळाले, दोन आठवड्यांचे बुडाले ते बुडालेच. पाऊस लागायच्या आत मुकादम एका रात्री बायकापोरांसह वस्ती सोडून गेला. तो गेल्यावर दोन म्हाताऱ्या बिगारणींनी सांगितले की जयंतीच्या आदल्या दिवशी त्याने त्यांचे पैसे घरी आणून दिले होते. बायकोचे डोरले गहाण ठेवून, असे म्हणतात. तो साधू नव्हता. माणशी रोजामागे त्याचा कट होता, आणि हजेरीत घोळ घातल्याचे वडिलांनी स्वतः पकडले होते. हे दोन्ही एकाच माणसाचे. आम्ही मात्र त्याचा ड्रॅगन करून त्याच्याच पोरापुढे रविवारमागून रविवार त्याला लाव्हात ढकलला.

आता भाच्याकडे येतो, कारण या सगळ्यात ज्ञानी तोच. त्याच्याकडून आम्हाला कळले की या ड्रॅगनवर जगभरचे खेळणारे गेली चाळीस वर्षे डोके चालवत आहेत. गेम निघाला १९८५ साली, जपानमध्ये. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे मुख्य कर्ते. सेटमध्ये जागा इतकी थोडी की गोष्ट पडद्यावर मावत नसे. ती सोबतच्या पुस्तिकेत छापत. आमच्या नकली कॅसेटबरोबर पुस्तिका कुठून येणार? त्या पुस्तिकेत लिहिले होते की या कासवांच्या राजाने मंतर टाकून मशरूम-राज्यातल्या प्रजेचे दगड, विटा आणि रानझुडपे करून टाकली. ती विद्या उलटवणारी एकटी राजकन्या, म्हणून तिला पकडले.

हे वाचून पुष्कळांनी विचारले, मग मारिओ ज्या विटा फोडत जातो ती माणसेच की! काहींनी त्यामुळे मारिओलाच खुनी ठरवले. पुस्तिकेत एवढी सोय आहे की विटा झालेले मशरूम मारिओला शक्ती देऊन मदत करतात. म्हणजे विटेतून जे मिळते ते आतल्या माणसाने दिलेले.

आणखी एक तर्क असा की ही सगळी नाटकमंडळी आहे. १९८८ च्या तिसऱ्या मारिओत सुरुवातीला पडदा वर जातो, ठोकळे दोरीला टांगलेले दिसतात, मागच्या देखाव्यावर सावल्या पडतात. खेळणाऱ्यांनी यावरून ठरवले की बाउझर हा राक्षसाचे काम करणारा नट आहे. २०१५ साली मियामोतोंना हे विचारले तेव्हा त्यांनी होकार दिला. आम्हाला हा तर्क आवडला. जलशात सावकाराचे काम करणारा माणूस तमाशा उठल्यावर आपल्याच शेजारी बसून चहा पितो, तसे.

कंपनीने पुढे त्याला थोडेथोडे आयुष्य दिले. १९९६ च्या एका गेममध्ये त्याचाच किल्ला दुसरा कुणी बळकावतो आणि तो मारिओच्या बाजूने लढतो. २००२ च्या गेममध्ये त्याला एक लहान मुलगा आहे. राजकन्या तुझी आई आहे आणि मारिओने तिला पळवले, असे त्याने मुलाला सांगितलेले असते. शेवटी बाप ओशाळून खरे सांगायला जातो, तर पोरगा म्हणतो, मला ठाऊक होते. पोराची खरी आई कोण, हे गेममध्ये कुठेच नाही. खेळणारे ती आपापल्या मनाने रचतात. कुणी तिला मेलेली समजतात, कुणी सोडून गेलेली.

आणि मग भाच्याने अशी एक गोष्ट सांगितली की आई मेथी ठेवून ऐकू लागली. मियामोतोंनी हा राक्षस प्रथम कासव म्हणून काढलाच नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढे होता बैल. १९६० साली जपानच्या तोएई कंपनीने काढलेल्या एका कार्टून चित्रपटातला बैल-राजा. तेझुका म्हणाले हे तर कासवासारखे दिसते, आणि मग तो कासव झाला. तो चित्रपट कशावरून? सोळाव्या शतकातल्या 'पश्चिमेची यात्रा' या चिनी कादंबरीवरून. आणि ती कादंबरी कुणावर? बौद्ध ग्रंथ आणण्यासाठी सातव्या शतकात चालत भारतात आलेल्या ह्युएन त्संगावर! पुलकेशीच्या काळात जो आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला तोच हा भिक्खू. वारज्याच्या पत्र्याच्या दुकानात आम्ही ज्याला लाव्हात ढकलत होतो, त्याचा पूर्वज ह्युएन त्संगाच्या वाटेवर उभा होता.

त्या कादंबरीत बैल-राजाला बायको आहे, मुलगा आहे. मुलगा भिक्खूला पळवतो, तेव्हा बोधिसत्त्व त्याला आवरतात आणि आपल्यापाशी ठेवून घेतात. पुढे यात्रेकरूंच्या वाटेत जळता डोंगर येतो. तो विझवायचा पंखा बैल-राजाच्या बायकोकडे. ती देत नाही. का? तर माझे पोर तुम्ही नेले म्हणून. शेवटी बैल-राजा मारला जात नाही. हरतो आणि त्याला बुद्धापुढे नेतात. गोष्टीत होते ते सगळे, बायको, पोर, राग आणि शरण जाणे, गेममध्ये येताना वाटेत सांडले. उरली फक्त शिंगे आणि आग. खेळणारे आज जे बापलेकाचे तर्क करतात ते नकळत चारशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीजवळच पोचतात.

आई म्हणाली, "अंगुलिमालासारखंच की."

वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात, तिथे ती दरवर्षी बसते. बाबासाहेबांनी अंगुलिमाल दरोडेखोर म्हणूनच आणला आहे, तो तसा का झाला हे सांगत बसले नाहीत. आईने एकदा भन्तेजींना विचारलेही होते. त्यांनी सांगितले, मूळ सुत्तातही कारण नाही. पुढच्या अट्ठकथेत ते आले, की तो तक्षशिलेचा गुणी विद्यार्थी, मत्सरापायी गुरूचे कान भरले गेले, आणि गुरूने दक्षिणा म्हणून हजार बोटे मागितली. आईला हे अजून पटलेले नाही. "गुरूनं सांगितलं म्हणून कुणी हजार माणसं मारतंय व्हय? कायतरी दुसरं आसल." म्हणजे तिचाही तर्क चालूच आहे. मज्झिम निकायातल्या त्या सुत्तात एक प्रसंग मात्र आहे ज्याला तर्काची गरज नाही. भिक्खू झाल्यावर अंगुलिमाल भिक्षेला जातो आणि लोकांनी फेकलेली ढेकळे, काठ्या, खापरे लागून रक्तबंबाळ होऊन, फुटके पात्र घेऊन परत येतो.

ताई म्हणाली, आपण त्या पोराला तेच केले.

भाच्याने तेवढ्यात मोबाईल आजीच्या हातात दिला. आजीने काय करावे? तिने मारिओला विटांखाली नेऊन उभे केले आणि विचारले, "ह्याच का त्या, माणसं झालेल्या?" मग तिला फोडवेना. वेळ संपून मारिओ मेला. "तीन मजले वाहिल्या म्या," ती म्हणाली, "कदी मनात आलं न्हाई आत कोन आसल."

त्या आठवड्यात थोरल्याने चौकशी सुरू केली. माळवाडीत जुनी माणसे अजून आहेत. मुकादम वारला, असे कळले. त्याचा मुलगा शिवण्याला टेम्पो चालवतो. नंबर मिळाला. तीन दिवस तो कागद टीव्हीवर पडून होता. मग ताईनेच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. आम्ही वडिलांचे नाव सांगितले, वस्ती सांगितली, पत्र्याचे दुकान सांगितले. पलीकडे गाड्यांचे आवाज, हॉर्न. बराच वेळ काही नाही. आम्हाला वाटले, ठेवला.

मग तो म्हणाला, "आठव्या किल्ल्यात गेलात का न्हाई शेवटी?"

"न्हाई," थोरला म्हणाला. "त्या दुकानात न्हाई जमलं."

"मी गेलो व्हतो," तो म्हणाला. "दुसऱ्या दुकानात." आणि मग म्हणाला, आता माल उतरवायचाय, रात्री फोन करा.